परवलीचा शब्द

आमच्या बालवाडीत मोठे प्रश्न मी नेहमी खाऊच्या सुटीनंतर विचारते. तोवर मुलांची पोटे भरलेली असतात, आणि भरल्या पोटी माणूस खरे बोलतो, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. त्या दिवशी खिचडी खाऊन, हात फ्रॉकला आणि चड्डीला पुसून पोरे गोल करून बसली, तेव्हा मी विचारले, "अनोळखी माणूस म्हणजे कोण रे?"

सगळे हात एकदम वर झाले.

"काळा असतोय!"

"त्याला मोठ्या मिशा असत्यात!"

"त्याच्याजवळ पोतं असतंय, त्यात पोरं घालून नेतोय!"

मी स्वतः चांगली काळी आहे आणि माझ्या यजमानांच्या मिशा सबंध नातेपुत्यात प्रसिद्ध आहेत. पण ते मनाला लावून न घेता मी पुढे विचारले, "बरं, समजा एक माणूस आला. कपडे पांढरेशुभ्र, मिशा नाहीत, पोतं नाही. हसून म्हणाला, 'मी अमका काका, चल तुला फुगा देतो.' तो अनोळखी का ओळखीचा?"

"ओळखीचा!" सगळा वर्ग ओरडला.

"तो कसा?"

लाल रिबिनी बांधलेली एक चिमुरडी उठली आणि मला काहीच कसे कळत नाही अशा सुरात म्हणाली, "बाई, त्यानं नाव सांगितलं की!"

मी खडू खाली ठेवला. त्या दिवशीचा धडा मुलांचा नव्हताच, माझा होता.

हा प्रश्न मी विचारला तो २०२४ सालच्या ऑगस्टात. बदलापूरची बातमी तेव्हा घरोघरी पोचली होती. दोन चिमुकल्या मुली, आणि आरोप शाळेतल्याच एका सेवकावर. आमच्याकडच्या आया दाराशी घुटमळू लागल्या. "बाई, पोरांना कायतरी शिकवा," एवढेच म्हणत. काय शिकवा ते त्यांनाही सांगता येत नव्हते. मग मी आपले सोपे ते निवडले: परक्या माणसापासून जपून राहावे. गंमत अशी, की ज्या बातमीने आम्ही सगळ्या हादरलो होतो, तिच्यात परका माणूस नव्हताच, हे माझ्या लक्षातही आले नाही.

याला कारण आहे. मी दहावी पास बालवाडीची बाई असले तरी फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. आजवर चार झाल्या. चारही कादंबऱ्यांत खलनायक परगावचा आहे. तो संध्याकाळच्या एसटीने येतो, नायिकेच्या घरादारावर वरवंटा फिरवतो आणि शेवटच्या प्रकरणात सकाळच्या एसटीने जातो. त्याला गावातलाच करावे, त्याला बायको-मुले आणि नळपट्टी द्यावी, हे धाडस मला कधी झाले नाही. वाचकांनीही कधी तक्रार केली नाही. वाईट माणूस बाहेरून येतो, हे आपणां सर्वांनाच फार सोयीचे असते.

लहानपणी आमच्या गल्लीत गोसावी यायचा. भगवी वस्त्रे, खांद्याला झोळी, हातात डौर. डौराचा आवाज आला, की आई भाकरीचा तुकडा माझ्या तोंडात कोंबून म्हणे, "गिळ लौकर, न्हायतर झोळीत घालून नेईल." मी पाण्याबरोबर भाकरी गिळून दाराआड लपे. दाराच्या फटीतून मला दिसे ते असे: आई त्याच झोळीत सुपातले पीठ घाली, गोसावी तिला आशीर्वाद देई आणि पुढच्या दाराशी जाई. त्याने कधी माझ्याकडे पाहिलेही नाही. तरी रात्री स्वप्नात ती झोळी येई आणि तिच्यातून गल्लीतल्या सगळ्या पोरांचे पाय बाहेर लोंबकळत असत.

हे लहानपणीचे हसण्यासारखे भय, असे मी पुष्कळ वर्षे समजत होते. मग २०१८ सालची १ जुलै उजाडली. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. रविवार होता, आठवड्याचा बाजार भरला होता. मोबाइलवरून काही दिवस एकच अफवा फिरत होती: मुले पळवणारी टोळी आली आहे. त्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी उतरले. त्यांतले बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. त्यांच्यातला कोणी एका लहान मुलीशी बोलला, असे त्या वेळच्या बातम्यांत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. पाचही जणांना. ते मुले पळवणारे नव्हते. पोटासाठी बाहेर पडलेली, घरी स्वतःची मुले असलेली माणसे होती. पुढे २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

ती बातमी वाचली तेव्हा मला जमावापेक्षा दुसरेच काही आठवत राहिले. त्या जमावातला प्रत्येक माणूस कधीतरी पाच वर्षांचा असेल, आणि कोणीतरी मायेने त्याला म्हटले असेल, "गिळ लौकर, न्हायतर झोळीत घालून नेईल."

आणि ज्याला खरोखर भ्यायला हवे होते, त्याच्याविषयी मला कोणीच काही सांगितले नव्हते. आमच्या घरी एक गृहस्थ येत. नात्यातले नव्हते, पण नात्याहून जवळचे. वडिलांचे हिशेब पाहत. येताना लिमलेटच्या गोळ्या आणत आणि मला मांडीवर बसवून घेत. सात वर्षांची असताना एके दिवशी मी त्यांच्या मांडीवरून उतरले, ती पुन्हा बसायचे नाही असे ठरवून. का, ते सांगायला माझ्यापाशी शब्द नव्हते. आई पीठ मळत होती. मी म्हणाले, "मला ते आवडत नाहीत." आई म्हणाली, "मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये. किती जीव लावतात तुला!" मी गप्प बसले. पुढची दोन वर्षे ते आले, की मी माळ्यावर जाऊन बसे, आणि घरातले कौतुकाने म्हणत, "पोरगी भारी लाजाळू आहे."

सरकारची गुन्ह्यांची नोंद दर वर्षी प्रसिद्ध होते. मुलांवरील अत्याचारांच्या प्रकरणांत शंभरांतल्या नव्वदांहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो, हे ती नोंद दर वर्षी सांगते. शेजारी, नातलग, घरी येणारा-जाणारा. हा आकडा मी वाचला तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. सातव्या वर्षी मला आकडा नको होता; आईने पिठातून हात काढायला हवा होता.

तेव्हा परक्याचे भय हा धडा मी फळ्यावरून पुसून टाकला. अमेरिकेत हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्रानेही 'अनोळखी म्हणजे धोका' ही जुनी घोषणा सोडून दिली आहे, हे मला नंतर कळले. पण त्याच्या जागी शिकवायचे काय?

अकलूजहून माझा भाचा आला होता, त्याला मी कामाला लावले. पोरांनी त्याला कधी पाहिले नव्हते. मी मुद्दाम आत गेले आणि तो दाराशी येऊन म्हणाला, "माझं कुत्र्याचं पिल्लू हरवलंय रे. शोधायला कोण येतंय?" मला वाटले होते चार-दोन धीट पोरे उठतील. अख्खी बालवाडी उठली! एकाने तर चप्पलही घातली नाही. भाचा हसत आत आला, पण त्याचा चेहरा उतरला होता. "मावशी," तो म्हणाला, "मी खरंच वाईट असतो तर?"

त्या दिवशी आमचा पहिला नियम तयार झाला: मोठी माणसे मदत मोठ्यांकडे मागतात. पिल्लू हरवले तर मोठ्या माणसाला विचारतील, पत्ता हवा असेल तर दुकानदाराला विचारतील. चार वर्षांच्या पोराला मदत मागणारा मोठा माणूस दिसला, की "बाईंना विचारा" म्हणायचे आणि बाईंकडे पळायचे. तो काळा आहे का गोरा, मिशीवाला का बिनमिशीचा, हे बघायचेच नाही. माणूस कसा दिसतो ते नव्हे, तो काय करायला सांगतो ते बघायचे.

मग शनिवारी पालकांना बोलावले. पंधरा-सोळा आया, दोन आजोबा आणि चुकून आलेला एक बाप. माझी आईही मागे पोत्यावर येऊन बसली. तिला घरी एकटीला करमत नाही.

मी एकेक सांगत गेले. नेहमीच्या माणसांखेरीज कोणी न्यायला आले, मग तो सख्खा मामा असो, तर पोराने परवलीचा शब्द विचारायचा. हा शब्द घरात ठरवायचा, आणि न्यायला पाठवाल त्याला तेवढा सांगायचा. चड्डी-बनियनखाली झाकलेले अंग पोराचे स्वतःचे. आंघोळ घालणारी आई आणि आई जवळ असताना तपासणारे डॉक्टर यांखेरीज तिथे कोणी हात लावला, तर "नको" म्हणायचे, निघून यायचे आणि सांगायचे. गंमत आणि गुपित यांत फरक असतो. वाढदिवसाची गंमत शेवटी सगळ्यांना कळायचीच असते. पण "आईला कधीच सांगू नको" असे कोणी म्हणाले, तर ते सगळ्यांत आधी आईला सांगायचे.

आलेला एकुलता एक बाप उठला. "बाई, एवढ्याशा लेकरांना हे कशाला? देवाची फुलं हायती ती."

मी म्हणाले, "दादा, आपल्या गावाशेजारून पुण्याहून पंढरपूरला जाणारा रस्ता जातो. लेकराला आपण 'दोन्हीकडं बघून जा' म्हणतो. ट्रकखाली काय होतं त्याचं वर्णन करत नाही. हेही तसंच. भय नाही सांगायचं, रीत सांगायची."

एक आजोबा म्हणाले, "आन् कोल्हापूरच्या त्या मायलेकी विसरलात काय?" सगळ्या सभेत कुजबूज झाली. १९९० नंतरच्या त्या पाच-सहा वर्षांत गर्दीतून मुले उचलणाऱ्या, १९९६ साली पकडल्या गेलेल्या त्या आईचे आणि दोन मुलींचे नाव अजूनही आमच्याकडे दारे लावून घेतले जाते. त्यांतल्या दोघी बहिणींची फाशी २०२२ साली उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली, तेव्हा भीती पुन्हा ताजी झाली होती. आजोबांचे खरे होते. परका कधीच वाईट नसतो, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? मी म्हणाले, "म्हणून तर हरवल्यावर कुणाबरोबर जायचं नाही असं शिकवते. जागेवर बसायचं. जवळ लेकुरवाळी बाई किंवा पोलीस दिसला तर हाक मारून मदत मागायची, पण जागचं हलायचं नाही. बाई चांगली असेल तर ती तिथंच थांबेल. ओढायला लागली तर बोंब मारायची."

१०९८ हा मुलांसाठीचा फुकट दूरध्वनी मी सगळ्यांना पाठ करायला लावला. दहा-नऊ-आठ. १९९६ साली मुंबईत सुरू झालेला हा दूरध्वनी दिवसरात्र चालतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलींना आणि मुलग्यांनाही सारखे संरक्षण आहे, आणि ज्याला असे काही कळते त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे, हेही सांगितले. "घराची अब्रू" म्हणून झाकून ठेवणे हाही गुन्हाच, हे ऐकून दोघी-तिघींनी पदर सावरला.

शेवटी म्हणाले, "एवढे नियम पोरांचे. मोठ्यांचा एकच. पोर सांगायला आलं, की हातातलं पीठ खाली ठेवायचं." मागे पोत्यावर आई माझ्याकडे एकटक पाहत होती. मी नजर टाळली.

परवलीच्या शब्दांनी पुढे महिनाभर गावात करमणूक केली. एकाने 'मोरपीस' ठेवला, दुसऱ्याने 'कांदाभजी'. एका पठ्ठ्याने आपला शब्द अभिमानाने सगळ्या वर्गाला सांगितला. त्याच्या आईला तो आठवड्यातून दोनदा बदलावा लागे. लाल रिबिनीवालीच्या घरी आजोबांनी सोलापूरच्या मातीला जागून 'शेंगाचटणी' हा शब्द नेमला.

मग २०२५ चा आषाढ आला. ज्यांनी नातेपुते पाहिले नाही, त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि मुक्कामाला आमच्या गावी येते. दुसऱ्या दिवशी मांडवे ओढ्यावरून सदाशिवनगरच्या रिंगणाला निघते. ती एक रात्र आमचे गाव आमचे नसते. राहुट्या, ट्रक, पाण्याचे टँकर. प्रत्येक ओट्यावर कोणीतरी झोपलेले, प्रत्येक मोरीवर कोणीतरी धुणे धूत असलेले. आणि त्या लाखो अनोळखी माणसांना आम्ही एकाच नावाने हाक मारतो: माउली. वर्षभर परक्याला भ्यायला शिकवून त्या रात्री "माउलींना पाणी दे" म्हणून पोराच्या हाती तांब्या कसा द्यायचा, हे कोडे बालवाडीच्या बाईला सोडवावेच लागते.

त्या संध्याकाळी रिबिनीवाली हरवली. आई वारकऱ्यांना चहा देत होती. पोरगी टाळांच्या नादाने पुढे गेली आणि बाजारात गर्दीने तिला कुठल्या कुठे नेले. पुढचे मी तिच्या बापाकडून, शेजाऱ्याकडून आणि खुद्द तिच्याकडून मिळून तीन वेळा ऐकले आहे. ती रडली नाही असे ती म्हणते. इतर दोघे रडली म्हणतात. पण एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली आणि हलली नाही. समोरून डोक्यावर तुळस घेतलेली, परभणीकडची एक म्हातारी चालली होती. लेकुरवाळी बाई दिसेना, म्हणून हिने म्हातारीलाच हाक मारली, "आजी, मी हरवलीय. मला जागचं हलायचं नाही."

म्हातारीने तुळस उतरवली आणि शेजारी बसली. "न्हाई हलायचं तर म्याबी न्हाई हलत," म्हणाली. बापाच्या मोबाइलचे आठ आकडे पोरीने बरोबर सांगितले, शेवटचे दोन काही केल्या आठवेनात. तेव्हा म्हातारीने दिंडीतल्या एका पोराला भोंग्यावर पुकारा करायला पिटाळले.

पुकारा व्हायच्या आत शेजारचे किराणावाले तिथून चालले होते. पोरगी दिवसातून तीनदा त्यांच्या दुकानात जाते. "अगं, तू हितं? चल, आई शोधतीय तुझी!" त्यांनी हात पुढे केला. पोरीने हात मागे घेतला.

"शब्द सांगा."

"कसला शब्द?"

"परवलीचा."

किराणावाले चिडले. चार माणसे बघत होती. "अगं मी कोण हाय? मला वळखत न्हाईस?" पोरगी मुसमुसत म्हणाली, "वळखते. पण शब्द सांगा." म्हातारी हात जोडून म्हणाली, "मावली, राग नका धरू. लेकरू इच्यारतंय ते सांगा आन् घिऊन जावा." त्यांना शब्द ठाऊक नव्हता. पाय आपटीत ते बापाला आणायला गेले.

बाप धावत आला तो दुरूनच रडत-ओरडत, "शेंगाचटणी! शेंगाचटणी!" पोरगी त्याच्या गळ्यात पडली. बाजूला जेवायला बसलेल्या वारकऱ्यांना वाटले, बिचारा भुकेला आहे. एकाने त्याच्या हातावर भाकरी ठेवली. या गडबडीत म्हातारीची दिंडी पुढे निघून गेली होती. मग बाप-लेक तिला घेऊन दिंडी शोधत तासभर हिंडले. पण ती घाबरली नाही. "रथामागं कितवी ते पाठ हाय मला," ती पोरीला म्हणाली, "तुज्यावानी आकडं न्हाई इसरत म्या."

किराणावाल्यांचा राग चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी ते माझ्या दाराशी आले. "बाई, काय शिकवलंत पोरांना? मी चोर हाय का?"

मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही चोर नाही म्हणूनच बापाला आणायला गेलात. चोर असता, तर शब्द ऐकून हात धरून ओढलं असतं. चांगल्या माणसाचं या शब्दानं काही जात नाही. फार तर चार दिवस राग येतो."

ते थोडा वेळ उभे राहिले. मग इकडे-तिकडे पाहून वाकले आणि आपल्या नातवाचा परवलीचा शब्द हळूच माझ्या कानात सांगून गेले.

हे सगळे मी रात्री आईला सांगितले. ती मेथी निवडत होती. सगळे ऐकून हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही. आणि एकदम म्हणाली, "ते हिशेबवाले यायचे, तवा तू माळ्यावर जाऊन का बसायचीस गं?"

एकोणचाळीस वर्षांनी आईने तो प्रश्न विचारला. मी सांगितले. फार नव्हतेच सांगण्यासारखे. दोन वाक्यांत संपले. आईने मेथीची जुडी खाली ठेवली. "मी पीठ मळत हुते," ती म्हणाली. तिला आठवत होते. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मेथी रात्रभर तशीच राहिली.

आता दिवाळी आली आहे. आपल्या घरी पाहुणे येतील, फराळाची ताटे भरतील, कोणीतरी हौसेने म्हणेल, "ये, मामांना पापी दे!" पोर कोणाच्या मांडीवर बसायला तयार नसेल, तर कृपा करून ओढू नका, लांबून नमस्कार केला तरी मामांचा मान राहतो. आणि एखादे पोर नेमके एकच पाहुणे आले, की आत पळत असेल, तर त्याला लाजाळू म्हणून मोकळे होऊ नका. रात्री निवांत जवळ घेऊन विचारा.

माझ्या पाचव्या कादंबरीचे तिसरे प्रकरण अडले आहे. यंदा खलनायक गावातलाच करायचे ठरवले आहे, आणि त्याला कोणत्या गल्लीत घर द्यावे ते ठरत नाही. पण मधल्या काळात दुसरे एक काम केले. परवा वसुबारसेला गल्लीत डौर वाजला. शेजारची तीन पोरे माझ्या ओट्यावर होती, ती दाराआड पळाली. मी त्यांना बाहेर आणले, त्यांच्या मागे उभी राहिले आणि एकेकाच्या हाती एकेक करंजी दिली. रिबिनीवाली पुढे झाली, झोळीत वाकून पाहिले आणि मागे वळून इतरांना म्हणाली, "पोरं न्हाईत आत. पीठ हाय नुसतं."

गोसावी हसला. तिने करंजी झोळीत ठेवली.